रुमाल टाकून धरलेलं पुस्तक

माझ्या थोरल्या बहिणीच्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते आणि ती ते काढू देत नव्हती, कारण एका गोष्टीतली घागर अजून पोचायची होती. कल्याणच्या डॉक्टरांना मी हे असंच्या असं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. तुम्हीही हातातलं काम जरा बाजूला ठेवा, म्हणजे मला पहिल्यापासून सांगता येईल. मधूनच सुरू केलेलं आमच्या घरात कुणाला चालत नाही. ते का, हेही येईलच पुढे.

आमचं माहेर धसईच्या बाजूचं, मुरबाड तालुक्यातलं. थोरलीला मी बाय म्हणते. तिला धसईतच दिली आणि मला इकडे शहापूरला, तानसा धरणाच्या अंगाला. आम्ही लहान असताना गावच्या शाळेवर एक मास्तर आले होते, घाटावरचे. त्यांची बायको शिकलेली. दुपारी आयाबाया तांदूळ निवडायला तिच्या पडवीत जमायच्या आणि ती एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन वाचून दाखवायची. पुस्तकाचं नाव बायला आजही पाठ आहे. मलाही आहे, पण मी ते इथे लिहीत नाही. त्या नावामागे जे काही झालं ते वाचलंत की तुम्हीही लिहिणार नाही.

गोष्ट साधी होती. एका बाईने माहेराहून तांब्याची घागर उसनी आणलेली असते आणि ती परत करायला तिची पोरगी घाट उतरून निघते. बस, एवढंच. पण वाटेत काय काय होतं! कुणी घागर विकत मागतो, कुणी चोरायला बघतो, एका गावात सगळी भांडी विहिरीत बुडालेली असतात म्हणून अख्खं गाव तिच्याच घागरीने पाणी भरतं आणि तिला जाऊच देत नाही. बायका सूप हातात धरून ऐकत बसायच्या. तांदूळ तसाच, खड्यासकट. त्या काळात आमच्याकडच्या सगळ्या पुरुषांनी खडे खाल्ले आणि बायकोला काय झालंय ते त्यांना कळलं नाही.

तर ती पोरगी एका नदीवर येऊन पोचते. पूर आलेला. नावाडी म्हणतो, नावेत जागा एकाचीच आहे, तू ये नाहीतर घागर दे. आणि त्या दिवशी बायला हळद लागली.

लग्न होऊन ती सासरी गेली. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा धावत मास्तरांच्या घरी गेली, तर घराला कुलूप. मास्तरांची बदली झाली होती. बायको गेली, पुस्तक गेलं. बाय जी रडायला लागली ती थांबेना. सासरी जाच आहे असं धरून आमचा बाप दोन भाऊबंद घेऊन धसईला भांडायला गेला. तिच्या सासऱ्याने गरीबपणाने विचारलं, आमचं काय चुकलं? मग बायला मधे उभं केलं, तर ती डोळे पुसत म्हणाली, "सासर बरंय. घागर पोचली का तेवढं कळलं नाय."

तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत हे बोलणंच पडलंय. कुणाचं काम अडलं, कुणाची पोर परीक्षेला बसून आली, कुणी तालुक्याला दाखला आणायला गेला, की परत आल्यावर विचारायचं, काय रे, घागर पोचली का? पण बायला ते चेष्टेचं नव्हतं. शाळा शिकलेला माणूस दिसला की ती विचारायची. नवे मास्तर, ग्रामसेवक, एसटीचा कंडक्टर, एकदा निवडणुकीची मतं मागायला आलेले पुढारीसुद्धा. पुढारी म्हणाले, पोचवू, पोचवू.

मी वाचायला शिकले ती माझा मुलगा पहिलीत गेला तेव्हा. तो शाळेत पहिलीत, मी चुलीपाशी पहिलीत. मग हाताला लागेल ते वाचत सुटले. खताची गोणी, एसटीच्या पाट्या, वाण्याच्या पुडीचा कागद. पुडीच्या कागदावरची गोष्ट नेहमी मधेच फाटलेली असते, त्यामुळे बायचं दुःख काय ते मला चांगलं कळायचं.

आता खड्यांचं. बायच्या पोटात कळा यायला लागल्या, तशी भाचेसून तिला कल्याणला दाखवून आली. डॉक्टर म्हणाले, पिशवीच काढायला हवी, उशीर करू नका. घरी आल्यावर बायने जाहीर केलं, मी येत नाय. भाचेसुनेने मला फोन लावला. "मावशी, तुमीच बोला यांच्याशी. रात्री लोळतात नुसत्या, आणि सकाळी म्हणतात काय झालंय मला."

मी म्हटलं, "बाय, कापून घे गो. आता सोपं असतं ते, दुर्बिणीतून करतात."

"आणि टेबलावर मेले तर?"

"नाय मरत."

"तू काय लिहून देतेस? मेले तर घागरीचं कधी कळायचं? आधी घागर, मग खडे. खडे काय पळून जातात?"

हे ती कुरकुरत नाही, हिशेबाने बोलत होती. तिच्या मनात दोन कामं होती, त्यातलं जुनं आधी. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. पण कळ आली की ती फोनवर बोलता बोलता गप्प व्हायची आणि मला नुसता श्वास ऐकू यायचा. तो ऐकवत नव्हता.

माझी सून ब्लाउज शिवते. गळ्याच्या नवीन तऱ्हा फोनमध्ये बघत असते. मी तिला पुस्तकाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, यात बघ. तिने नाव टाकलं, इकडे तिकडे बोट फिरवलं आणि दोरा दातात धरूनच म्हणाली, "आई, हे काय?"

परदेशातलं कुठलंसं मोफत ग्रंथालय. त्यात आमचं पुस्तक! पिवळी पानं, कडेला वाळवीने खाल्लेलं, पहिल्या पानावर कुठल्यातरी बंद पडलेल्या वाचनालयाचा शिक्का. आमच्या धसईपासून ते तिकडे कसं गेलं देव जाणे. घागरीपेक्षा पुस्तकच जास्त हिंडलं म्हणायचं.

पण ते उसनं मिळणार होतं, आणि तेही तासाभरासाठी. तासाने आपोआप बंद.

"आणि एका वेळी एकालाच," सून म्हणाली. "आपण वाचतोय तोवर दुसऱ्याला नाय मिळणार."

"का गो? फोनमधलं पुस्तक, ते काय माझ्या वाचण्याने झिजतं?"

"त्यांच्याकडे खरं पुस्तक एकच हाय म्हणून. प्रकाशकांनी तसा नियम घातलाय."

मला ते लगेच पटलं, खरं सांगते. घागर एक असेल तर एकीनेच भरायचं. नंतर भाकऱ्या करताना विचार केला तेव्हा पटेनासं झालं, पण तोवर पुस्तक मिळालं होतं.

मी बायला कळवलं. तिने मला पुस्तकाचं नाव दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "पहिल्यापासून वाच. मधून नको. तीच घागर हाय का बघते आधी."

"बाय, शेवटचं पान वाचते ना, एका मिनिटात कळेल."

"पुढचं पान उलटलंस तर माझं मेलं तोंड बघशील! सुनेलाही सांग."

सुनेनेही शपथ घेतली. आम्ही शपथ पाळणाऱ्यांतल्या. पुढे सगळ्यांनी मला विचारलं, मावशी, पानांचे फोटो का काढून ठेवले नाहीत? तर नाही सुचलं. पुस्तक डोळ्यांसमोर उघडं असताना ते उद्या नसेल असं कुणाला वाटतं?

मग रोज दुपारी आमचं वाचन सुरू झालं. सुनेचा फोन पुस्तकासाठी आणि माझा बटणांचा फोन बोलायला. तिकडे धसईत ओट्यावर भाचेसुनेचा फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला. ओट्यावर भेंडी निवडायला बायका जमतात. सरळ भेंडी एका क्रेटमध्ये, वाकडी दुसऱ्यात. आधी बाय एकटी ऐकायची, मग त्या सगळ्याच ऐकायला लागल्या. मी वाचायची आणि फोनमधून मला तिकडचं ऐकू यायचं, "त्या मेल्याला देऊ नको गो घागर!", "अगो, हळू, मावशी वाचतायत ना." आणि बायचा आवाज सगळ्यांच्या वर, "गप बसा, पुढं गाढवाला ताप येतो." खरंच पुढे गाढवाला ताप आला. एवढी वर्षं तिला गाढवाचा ताप लक्षात होता, आणि भाचेसुनेने दिलेली गोळी घेतली की नाही ते आठवत नव्हतं.

अशी पोरगी घाट उतरली, बुडालेल्या भांड्यांचं गाव मागे टाकलं आणि नदीवर आली. नावाड्याने तोंड उघडलं. नावेत जागा एकाचीच आहे, तू ये नाहीतर—

तास संपला. पान गेलं.

धसईच्या ओट्यावर जो आरडाओरडा झाला तो फोन नसता तरी मला ऐकू आला असता. बाय म्हणाली, "माझं परत लग्न लागलं काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुस्तक मागितलं, तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे. तासाने मागितलं, तरी दुसऱ्या वाचकाकडे. संध्याकाळी तेच. वर लिहून आलं की पुढे आणखी वाचक रांगेत आहेत.

मला आधी राग आला. मग मी त्या वाचकाचा विचार करायला लागले. कोण असेल? पुण्याकडचा कुणी म्हातारा असेल, कानटोपी घातलेला, एकटा. त्याचंही लग्न कुठेतरी या नदीवरच लागलं असेल. वाचू दे बिचाऱ्याला. तिसऱ्या दिवशीही पुस्तक मोकळं झालं नाही तेव्हा मी त्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या. सून म्हणाली, "आई, रांग वाढतेय. एवढे कोण लोक वाचतायत हे?"

शेवटी धसईला फोन करून माफी मागायची ठरवली. भाचेसुनेने उचलला.

"काय करू गो, पुस्तक मिळतच नाय. कोणी सोडतच नाय ते."

"मावशी, तुमी काळजीच करू नका," ती एकदम खुशीत. "पुस्तक आमच्याकडे हाय."

"तुमच्याकडे?"

"तर काय! त्या दिवशी तास संपला, तेव्हाच मी म्हटलं, आता कोणी परका घुसला तर? म्हणून माझ्या फोनवर धरलं. माझं सुटलं की समोरच्या घरातली धरते, तिचं सुटलं की तिची जाऊ. खालच्या आळीतल्या दोघीपण रांगेत हायत. पाळ्या लावल्यात. परक्याला हात लावू दिला नाय."

"अगो, मग वाचता काय तुमी ते?"

"वाचायला टाइम कुठं हाय, मावशी? भेंडीचा टेम्पो येतो ना. नुसतं धरून ठेवलंय. तुमच्यासाठी."

मी डोकं धरून बसले. पण त्यांना काय बोलणार? मुरबाड स्टँडवर कधी गेला असाल तर तुम्हाला कळेल. आमच्या माहेरच्या तालुक्याला रेल्वे नाही. एसटी लागायच्या आधी, ती वळण घेत असतानाच, माणसं खिडकीतून रुमाल टाकतात, पिशवी टाकतात, टोपी टाकतात. एकदा एकाने कलिंगड ठेवलेलं मी पाहिलंय. रुमाल पडला की जागा आपली, मग माणूस चहा पिऊन आला तरी चालतं. माणूस नसला तरी रुमालाला कुणी उठवत नाही. धसईच्या बायकांनी त्या परदेशातल्या ग्रंथालयात खिडकीतून रुमाल टाकला होता. जागा माझ्यासाठी धरली होती. फक्त मला आत शिरता येत नव्हतं, कारण जागेवर रुमाल होता.

मी त्यांना समजावलं. त्या जरा हिरमुसल्या, पण एकेकीने रुमाल उचलला. "उद्या दुपारी," मी म्हटलं. बायने त्या दिवशी पेजसुद्धा नीट खाल्ली म्हणे.

उद्या दुपारी सुनेने फोन उघडला आणि तोंडातला दोरा तिने हातात घेतला. पुस्तक नव्हतं. दुसऱ्या वाचकाकडेही नव्हतं. रांगही नव्हती. प्रकाशकांच्या मागणीवरून हे पुस्तक काढून घेतलंय, एवढंच होतं.

प्रकाशकांचा नंबर सुनेने शोधला. फोनवर एक तरुण माणूस होता, आवाजाने सभ्य. मी म्हटलं, आम्हाला एक पुस्तक हवंय, आणि नाव सांगितलं.

"हां, ते! अहो, त्याला सध्या फार मागणी आहे."

"कुणाची?"

"वाचकांची. कित्येक वर्षांत त्याचं कुणी नाव काढलं नव्हतं आणि या आठवड्यात ऑनलाइन एकदम रांगच लागली. म्हणून तर आम्ही ते तिथून काढायला लावलं."

मी फोन कानापासून लांब धरून सुनेकडे बघितलं. रांग म्हणजे धसई.

"मग मला एक पाठवा. काय होतील ते पैसे देते."

"छापील प्रत नाही, आजी. आवृत्ती केव्हाच संपली."

"मग फोनमधलं द्या, पैसे घेऊन."

"तशी सोय नाही अजून."

"मग फुकटातलं राहू द्यायचं होतं."

"फुकट मिळालं तर विकत कोण घेणार?"

"मी आलेच की विकत घ्यायला."

"पण विकायला नाही ना आमच्याकडे."

मी घोटभर पाणी प्यायले. "बरं, मला एक सांगा दादा. आजच्या दिवशी हे पुस्तक वाचायची परवानगी कुणाला हाय?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. खरंच विचार करत होता बिचारा. "आजच्या दिवशी... तशी कुणालाच नाही."

"तुमाला?"

"आम्हाला आहे. हक्क आमच्याकडे आहेत."

"मग तुमी कपाटातून काढा, शेवटचं पान बघा आणि मला सांगा, घागर पोचली का. हो की नाय, एवढंच. पुस्तक नको मला."

"तेच सांगतोय आजी. हक्क आमच्याकडे आहेत, पुस्तक नाही. कार्यालय हललं तेव्हा जुन्या प्रती कुठे गेल्या कुणाला माहीत नाही."

"मग नवीन छापणार कशावरून?"

"ते विचाराधीन आहे."

"त्या फोनमधल्यावरून छापा की."

"ते आम्हीच बंद केलं ना." मग त्याने आवाज खाली आणला. "आजी, तुमच्याकडे आहे का हो एखादी प्रत?"

मला हसावं की रडावं कळेना. माणूस वाईट नव्हता. आणि पुस्तकावर ज्यांचं पोट आहे त्यांचं पोट चालायला पाहिजे, हे मला कुणी शिकवायला नको. आमची भेंडी कुणी फुकट नेली तर मीही कोयता घेऊन धावेन. पण भेंडी बाजारात न्यायची नाही, घरात खायची नाही, शेत कुठे आहे तेही आठवत नाही, आणि दुसऱ्याच्या ताटात दिसली की ओरडायचं, असं मी अजून कुणाला करताना पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला, मुंबईला पाणी नेणारी पाइपलाइन आमच्या गावावरून जाते. त्या पाइपाला कान लावला तर आत पाणी धावताना ऐकू येतं, आणि उन्हाळ्यात आम्ही त्याच पाइपावर बसून टँकरची वाट बघतो. पण निदान ते पाणी मुंबईत कुणीतरी पितं. हे पुस्तक कुणीच पीत नव्हतं.

त्या आठवड्यात बायला फार मोठी कळ आली. भाचेसून फोनवर रडत होती. "मावशी, अंग पिवळं दिसतंय. डॉक्टर म्हणाले लगेच आणा. या म्हणतात, नावेत बसवा त्या पोरीला, मग येते."

मी पिशवी भरली आणि निघाले. शहापूरहून किन्हवली, तिथून सरळगाव, पुढे जीपने धसई. वाटभर मी शेवट जुळवत होते. प्रकाशकाने फोनवर वाचून दाखवला असं सांगायचं, घागर पोचवून टाकायची आणि बायला गाडीत घालायची. एवढी पुस्तकं वाचलेली बाई मी, एक घागर मला पोचवता येणार नाही?

पोचले तर ओट्यावर अख्खी आळी. बाय भिंतीला टेकून, पोटावर गरम पाण्याची पिशवी, आणि पुढ्यात न्यायालय भरल्यासारख्या बायका. पुस्तक बंद झाल्याचं कळल्यापासून प्रत्येकीने आपापला शेवट आणला होता.

समोरची, जिचं दिरांशी जमिनीवरून भांडण आहे, ती म्हणत होती, "पोरगी घागर घेऊन परत घरी गेली. कशाला द्यायची? एकदा हातातून गेली की गेली."

भाचेसून म्हणाली, "तिनं घागर विकली आणि नदीवर चहाचं दुकान टाकलं. नाव येईपर्यंत माणसं काय करतात? चहा पितात."

ठाकूरवाडीची एक म्हातारी करांदे, म्हणजे रानातले कंद, विकायला आली होती, ती टोपली खाली ठेवून ऐकत होती. तिला कुणीतरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नावेत घागर ठेवली आणि पोरगी पोहून गेली. त्या नावाड्याला पोहता येत नसंल, म्हणून त्याला वाटलं कुणालाच येत नाय."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. हे बरंच बसत होतं. पण बाय म्हणाली, "बरोबर हाय तुझं, म्हातारे. पण हे तुझं झालं. पुस्तकाचं काय?"

मग मी पुढे झाले. बायजवळ बसले आणि म्हटलं, "बाय, त्या प्रकाशकाने वाचून दाखवलं मला. ऐक." आणि पुस्तकी आवाज काढून सुरू केलं. "ते ऐकून नावाड्याच्या अंतःकरणाला पाझर फुटला. तो म्हणाला, हे कन्ये—"

"थांब," बाय म्हणाली.

"काय गो?"

"त्या नावाड्याला अंतःकरण नव्हतं. आख्ख्या पुस्तकात कुणालाच नव्हतं, नुसती माणसं होती. आणि पोरीला कन्या कोण म्हणतंय? थापा मारतेस, धाकले. बसमध्ये बसून केलंस ना हे?"

"जीपमध्ये," मी म्हटलं.

बायका हसल्या. बायलाही हसू आलं, आणि हसताना कळ आली. ती वाकली, माझा हात धरला. माझ्या बांगड्या रुतल्या एवढा. हसणं कुठल्या कुठे गेलं. कळ ओसरली तशी ती मला म्हणाली, "तो माणूस काय म्हणाला, ते सांग. खरं. शब्द न् शब्द."

मी सांगितलं. मागणी, रांग, हक्क, कपाट. समोरचीने पदर तोंडावर घेतला, कारण रांगेत ती पण होती. शेवटी मी म्हटलं, नवीन आवृत्ती विचाराधीन हाय.

"विचाराधीन म्हणजे?"

"म्हणजे छापायचा विचार करतायत."

"छापणार नाय असं म्हणाला?"

"नाय, तसं नाय म्हणाला."

"कधी छापणार?"

"ते नाय सांगितलं. आधी पुस्तक सापडायला हवं त्यांना. मग विचार, मग छपाई. त्यांचं कार्यालय हाय बाय, वेळ लागणार."

"किती? वर्ष? दोन?"

"जास्तच धर."

बायने भिंतीला डोकं टेकलं आणि छपराकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही कायमची रुसली. ठाकूरवाडीच्या म्हातारीने एक करांदा उचलून परत टोपलीत ठेवला. मग बाय पोटावरची पिशवी काढून भाचेसुनेकडे देत म्हणाली, "गाडी बोलाव."

"कुठं?"

"कल्याणला. खडे काढायला."

"पण घागर?" हे मीच विचारलं. काय बुद्धी सुचली मला!

"अगो, ते छापायला इतकी वर्षं लावणार, तर तोवर जगायला नको? हे खडे घेऊन काय मी दोन वर्षं काढते? त्यांनी छापलं आणि मी नसले तर माझ्या वाट्याचं ऐकणार कोण, ही?" आणि समोरचीकडे बोट केलं. "ही भेंडी निवडता निवडता निम्मं ऐकते."

पुस्तकाला लागलेल्या ज्या कुलपाने ती अडून बसली होती, त्याच कुलपाने तिला उठवून गाडीत बसवलं. मी आयुष्यात पुष्कळ कारणांनी माणसं दवाखान्यात जाताना पाहिली आहेत, पण आवृत्ती विचाराधीन आहे म्हणून गेलेली बाय एकटीच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं ते तेव्हा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायला विचारलं, "मग आजी, पोचली का घागर?"

"नाय अजून. पण तुमी नीट कापा. मला थांबायचंय."

नीट कापलं त्यांनी. बाय आता बरी आहे, भाकरी खाते, शिव्या देते. मी अधूनमधून प्रकाशकांना फोन करते. तो तरुण माणूस आता माझा आवाज ओळखतो. "आजी, अजून विचाराधीनच आहे," तो म्हणतो, आणि मग हळूच विचारतो, "तुमच्या बहीणबाईंना काही शेवट आठवला का?" त्याने पुस्तक वाचलेलं नाही, पण त्यालाही आता चैन पडत नाही. मी हे बायला सांगते. पहिल्यांदा ती हळहळायची. हल्ली विचारते, "छापलं नाय ना?" मी म्हणते, नाय. तर म्हणते, "बरं झालं. त्याला म्हणावं घाई नाय. शांतपणे शोध."

दवाखान्यातून येताना तिने खडे मागून आणले, एका छोट्या बाटलीत. धसईच्या ओट्यावर कोनाड्यात ठेवलेत. बायका लांबून बघायला येतात. परवा मी गेले होते तेव्हा खालच्या आळीतली एक बाटली हातात घेऊन म्हणाली, "काकी, घरी नेऊन दाखवू काय सासूला?"

"नाय," बाय म्हणाली. "सासूला इथं आण. माझे खडे हायत. एका वेळी एकीनंच बघायचं, आणि तासाभरात परत ठेवायचं."

ती बाई लगेच घरी पळाली सासूला आणायला. जाताना रुमाल बाटलीवर टाकून गेली.